जळगावात नवीन आलात? मग वर्षभरात काय, कुठं अन् कधी खायचं ते ऐका

दरवर्षी जूनमध्ये आमच्या ऑफिसात दोन-चार माणसं बदलून येतात, कुणी सांगलीचं, कुणी रत्नागिरीचं, एखादा थेट ठाण्याहून तोंड पाडून आलेला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चहाच्या टपरीवर सगळ्यांचा प्रश्न तोच, "भाऊ, इथं जेवायला चांगलं हॉटेल कोणतं?" आधी मी एखादं नाव सांगून मोकळा व्हायचो. मग एकदा ज्या हॉटेलचं मी सहा महिने गुणगान केलं तिथंच एका नव्या मॅडमना घेऊन गेलो आणि समोर आलं ते नुसतं लाल पाणी, वर शेव तरंगतेय. विचारलं तर कळलं की वस्ताद गेल्या महिन्यातच सोडून गेला, बायपासला नवीन गार्डन हॉटेल निघालंय तिथं. बोर्ड तोच, खुर्च्या त्याच, चव मात्र वस्तादाबरोबर निघून गेलेली. तेव्हापासून मी हॉटेलचं नाव सांगत नाही. कोणत्या महिन्यात काय खायचं अन् नवीन हॉटेलात शिरल्यावर काय बघायचं ते सांगतो, म्हणजे माणूस आपलं आपण शोधू शकतो. तेच सगळं आता इथं एकदा लिहून ठेवतोय, पुढच्या जूनला नुसती लिंक पाठवली की झालं.

पायरी १: पहिला आठवडा दमानं घ्या

आमच्याकडं बदलून आलेले एक कोल्हापूरकर होते, पहिल्याच रात्री म्हणाले आम्हाला काय तिखट सांगता राव, आमचा तांबडा रस्सा बघा, आणि हायवेच्या ढाब्यावर जाऊन "तिखट जास्त टाका" अशी ऑर्डर देऊन आले. तिसऱ्या दिवशी रजेचा अर्ज. आता त्यात त्यांची चूक एवढीच की इथलं तिखट वेगळ्या जातीचं असतं. खान्देशी रस्सा लाल कमी आणि काळा जास्त, कारण कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर काळंशार होईस्तोवर भाजतात, मग लसूण, धने, खडा मसाला घालून वाटतात, आणि तेलाला हात आखडता घेत नाहीत. जिभेला पहिल्या दोन घासांत काहीच कळत नाही. कळतं ते रात्री दोनला.

म्हणून पहिले सात-आठ दिवस मेस लावा किंवा घरगुती डबा. जळगावात डबे देणाऱ्या ताया पुष्कळ आहेत, महाबळ, रिंग रोड, पिंप्राळा, कुठंही राहा, शेजारी विचारलं तरी नंबर मिळतो. डब्यात पोळीऐवजी आठवड्यातून दोनदा भाकरी मागा. हिवाळ्यात बाजरीची, एरवी ज्वारीची, आणि घरमालक शेतीवाले असतील तर त्यांना "दादर मिळेल का" विचारा. दादर म्हणजे तापीकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीला येणारी ज्वारी. तिची भाकरी खाल्लेला माणूस पुन्हा साध्या ज्वारीला नावं ठेवायला लागतो, मी पण ठेवतो.

सोबत ताक ठेवा, कच्चा कांदा, लिंबू. रस्स्यावर तेलाचा तवंग आला तर लाजायचं नाही, चमच्यानं बाजूला सारायचा. कुणी हसणार नाही, फार तर शेजारच्या टेबलवरचे आप्पा अहिराणीत विचारतील, "तिखं लागस का?" तर हो म्हणायचं, ते लगेच आपल्या ताटातला गूळ पुढं करतील.

नाश्त्याचं फार काही सांगत नाही. पोहे, भजी, कचोरी, मिसळ, कुठंही चांगलं मिळतं, गल्लीच्या तोंडाशी सकाळी जिथं उभ्यानं खाणारी माणसं दिसतील तिथं आपणही उभं राहायचं.

पायरी २: शेवभाजी मागवायला शिका

हो, मागवायला शिकावं लागतं. बाहेरच्यांना वाटतं फरसाणातली शेव रस्स्यात टाकली की झाली शेवभाजी. पुण्यात तसंच देतात म्हणून तो गैरसमज झालाय.

शेवभाजीची शेव वेगळी. बेसनाची, तिखट, बोटापेक्षा थोडी बारीक, आणि मुद्दाम कडक केलेली, म्हणजे गरम रस्सा पिऊनही तिची पेज होत नाही. किराणा दुकानात तिला तुरखाटी शेव म्हणतात, तुरीच्या काडीसारखी दिसते खरी. बारीक शेव टाकली तर दोन मिनिटांत सगळं पिठलं होतं आणि तुम्ही पैसे देता शेवभाजीचे.

तर ऑर्डर देताना सांगायचं, "भाऊ, शेव वेगळी आणा, रस्सा उकळता आणा." मग आपल्या ताटात आपण शेव घालायची, थोडी थोडी, जेवढी दोन-तीन घासांत संपेल तेवढीच. पहिला घास कुरकुरीत, दुसरा अर्धा भिजलेला, तिसरा मऊ. तिन्ही चवी एकाच भाजीत मिळतात म्हणून तर लोक वेडे आहेत तिच्यामागं. रस्सा कमी पडला तर बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात, मागून बघा.

रस्सा ओळखायची खूण म्हणजे रंग. तपकिरी-काळपट असला, वास घेतल्यावर आधी भाजल्या खोबऱ्याचा वास आला, तर ठीक. गोडसर लागला, टोमॅटो जाणवला, किंवा रस्सा दाट असून त्यात काजूची पेस्ट वाटली, तर समजा की आत पंजाबी भाज्यांची जी एकच ग्रेव्ही सकाळी करून ठेवतात त्यातूनच तुमचीही वाटी निघालीय.

याच रस्स्यात पातोड्या पण मिळतात. बेसनाचं घट्ट पिठलं थापून वड्या पाडतात आणि वरून रस्सा घालतात, किंवा घरी बायका बेसनाची पोळी लाटून तुकडे कापून थेट उकळत्या रस्स्यात सोडतात. दुसरी पद्धत मला जास्त आवडते कारण पातोडी आतून रस्सा पिते, पण हॉटेलात ती कमीच मिळते, त्याला वेळ लागतो ना. धुळ्याकडं जाणं झालं तर तिथं शेवभाजी-पातोडी दोन्ही खाऊन बघा आणि मग जळगावात येऊन कुणाची चांगली यावर वाद घाला, ओळखी वाढतात.

पायरी ३: नवीन हॉटेल उघडलंय, जायचं की नाही?

गेल्या काही वर्षांत शहराच्या चारी बाजूला नवीन हॉटेलं निघालीत. अजिंठा रोडला, शिरसोलीकडं, भुसावळ रोडला, बायपासला, आणि सगळ्यांच्या बोर्डवर "अस्सल", "गावरान" आणि "चुलीवरचं" हे तीन शब्द ठरलेले. लॉन असतं, झोपाळे असतात, कोपऱ्यात बैलगाडीचं चाक टेकवलेलं असतं, सेल्फीसाठी. त्यातली काही खरोखर छान आहेत. कोणती, ते असं ओळखायचं.

जायची वेळ. उद्घाटनाच्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा निम्मी माणसं मालकाच्या नात्यातली असतात आणि किचनमध्ये गोंधळ. महिन्याभरानं जा. आवडलं तर तीन महिन्यांनी पुन्हा जा, मगच दुसऱ्यांना सांगा. मी हा नियम मोडला आणि वर सांगितलं तसा फजीत झालो.

भाकरी कुठं होतेय ते बघा. दारातच चूल मांडून मावशी भाकरी थापताना दिसतात, छान वाटतं, फोटो पण येतो. पण तुमच्या ताटात आलेली भाकरी त्या चुलीवरचीच आहे का? भाकरी गरम असेल, फुगलेली असेल, कडेला थोडी करपली असेल तर तिथलीच. रबरासारखी ओढली जात असेल तर दुपारी करून डब्यात ठेवलेली. एका चकाचक ठिकाणी मी पाहिलं, बाहेर चूल पेटलेली, तवाही चढवलेला, त्यावर दोन तासांत एकच भाकरी, तीच फिरवून फिरवून. गिऱ्हाईक आलं की मावशी ती उलटायच्या. मला तर त्या मावशींचीच दया आली.

मग मेनूकार्ड. चायनीज, पंजाबी, साऊथ इंडियन, पिझ्झा, आणि शेवटच्या पानावर "खान्देशी स्पेशल" असेल तर शेवटच्या पानावरचं मागवू नका, तिथं पिझ्झाच खा. ज्याच्याकडं खान्देशी सात-आठच पदार्थ आहेत आणि वेटर त्यातलेही दोन "आज नाही भाऊ" म्हणून सांगतो, तिथं निवांत बसा. नाही म्हणणारं हॉटेल चांगलं असतं. जूनमध्ये भरीत मागितल्यावर "आत्ता चांगली वांगी नाहीत" असं जो मालक म्हणाला त्याच्याकडं मी आजही जातो.

पहिल्या खेपेला थाळी घेऊ नका. थाळीत बारा वाट्या येतात आणि एकही चव नीट लक्षात राहत नाही, वर गुलाबजाम. एक शेवभाजी, दोन भाकरी, ठेचा, कांदा, बस. एवढ्यात हॉटेल कळतं. ठेचा विशेष बघा, हिरवी मिरची-लसूण भाजून जाडसर कुटलेला हवा, मिक्सरमध्ये फिरवून गुळगुळीत चटणी केलेली असेल तर आत घाई आहे असं समजायचं.

ऑनलाइन स्टार बघून जाणाऱ्यांना एक सांगतो. निम्मे स्टार लॉनला असतात, मुलांच्या झोक्याला असतात, पार्किंगला असतात. खालच्या तक्रारी वाचा. "खूप तिखट होतं", "तेल फार", "डेकोरेशन काहीच नाही" अशी एक-एक स्टारवाली रड जिथं दिसेल तिथं शनिवारी जाऊन बघायला हरकत नाही. आणि "ट्रक उभे असतात तिथं जेवण चांगलं" हे पण आता जुनं झालं, ट्रकवाला आजकाल आधी ट्रक लावायला जागा बघतो.

पायरी ४: भरीत, पण दसऱ्यानंतर

हा खरा विषय. बाकी सगळं वाचून विसरलात तरी चालेल.

जळगावचं भरीताचं वांगं जांभळं नसतं. हिरवं-पांढरं असतं, लांबट, फुगीर, एकेक पाव-अर्धा किलोचं, आणि आत बी अगदी कमी. त्याला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या केळीलाही त्याच वर्षी मिळालं. यावल तालुक्यातलं बामणोद आणि जळगावला लागून असलेलं आसोदा, ही दोन नावं वांगी घेताना कानावर पडतीलच. आसोदा म्हणजे बहिणाबाई चौधरींचं माहेर, त्यामुळं तिकडं वांगी आणायला गेलात की तेवढं तरी माहिती असू द्या, कुणीतरी नक्की सांगणार.

हंगाम दसरा-दिवाळीनंतर सुरू होतो, थंडी पडली की चव चढते, आणि साधारण फेब्रुवारीपर्यंत मजा असते. जुन्या घरांत चातुर्मासात वांगं खात नाहीत, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की मग सुरुवात. आता हॉटेलात बारा महिने भरीत मिळतं, मिळू दे. मे महिन्यात भरीत खाऊन "एवढं काय त्यात" म्हणणारा माणूस मला भेटला की मी वाद घालत नाही, डिसेंबरची तारीख देतो.

आता कुठं खायचं. हॉटेलच्या आधी भरीत सेंटरला जा. छोटी दुकानं असतात, बसायला जागा असेल नसेल, भरीत किलोवर मिळतं. दोघांना अर्धा किलो पुरतं, पण घरी न्यायचं म्हणून पाव किलो जास्त घ्या, कारण निम्म्या रस्त्यात पिशवी उघडली जाते. काही जण तुम्ही नेलेली वांगीही भाजून देतात. भाजणं कशावर आहे ते बघा. कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा तुरीच्या काड्यांच्या जाळावर भाजलेलं वांगं म्हणजे खरं, आग भडकन पेटते, साल कोळसा होते आणि आतला गर धुरात शिजतो. गॅसवर भाजलेलंही खाता येतं, मीही घरी तसंच करतो, पण तो वास येत नाही.

मग साल काढून गर लाकडी बडगीत घालून मुसळीनं ठेचतात. ठेचतात, मिक्सर लावत नाहीत, म्हणून गराचे तंतू तोंडात लागतात. हिरवी मिरची आणि लसूण भाजून किंवा तेलावर परतून कुटून घालायचं, कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप. एवढंच. हळद नाही, लाल तिखट नाही, टोमॅटो तर नाहीच नाही. म्हणून खान्देशी भरीत हिरवट-पांढरं दिसतं. पिवळं किंवा लाल भरीत समोर आलं तर ते चांगलं असेलही, पण ते दुसऱ्या गावचं आहे. विचारताना "कच्चं की फोडणीचं" हेही विचारा. कच्च्यात सगळं नुसतं कालवलेलं असतं आणि वरून कच्चं तेल, फोडणीचं परतलेलं. नवीन माणसानं फोडणीच्या भरीतानं सुरुवात करावी, दुसऱ्या वर्षी आपोआप कच्च्यावर येतो.

सोबत काय? पोळी अजिबात नको. कळण्याची भाकरी किंवा कळण्याची पुरी. ज्वारी आणि अख्खे उडीद, जाडं मीठ घालून एकत्र दळतात, ते पीठ म्हणजे कळणा. भाकरी जरा काळसर, खरपूस, उडदामुळं चिवट. एकदा सवय झाली की नुसती तेल-ठेच्याबरोबरही खाल्ली जाते. पुरी म्हणजे तिखटमिठाची पुरी समजू नका, आमच्याकडं भरीत-पुरी हा एकच शब्द आहे, लग्नाच्या आदल्या दिवशी, निवडणुकीच्या वेळी, रिटायरमेंटला, कशालाही "भरीत-पुरी ठेवलीय" असं कळलं की मंडळी न विचारता येतात.

आणि सगळ्यात भारी भरीत हॉटेलात नसतंच. ते शेतात असतं. डिसेंबर-जानेवारीत ऑफिसातला कुणीतरी, ज्याची शेती यावल-रावेर-चोपड्याकडं आहे, तो म्हणणार "रविवारी या भो शेतात." (भो म्हणजे भाऊच, इथल्या लेवा पाटील मंडळींच्या बोलण्यात हे येतं, रागावू नका.) हे आमंत्रण टाळायचं नाही, दुसऱ्यांदा मिळत नाही. जाताना रिकाम्या हातानं जायचं नाही, काहीतरी गोड घ्या. तिथं गेल्यावर बसून राहू नका, वांगी सोलायला बसा, हात काळे होतात, बोटं भाजतात, त्यातच ओळख होते. केळीच्या पानावर भरीत, पुरी, कांदा, मुळा, मिरची. जेवून तिथंच झाडाखाली आडवं व्हायचं. आमच्या त्या ठाण्याच्या साहेबांना मी असंच नेलं होतं, दीड वर्षानं त्यांची बदली परत ठाण्याला झाली, आता दर डिसेंबरला फोन येतो, "वांगी निघाली का?"

भरीताचं वेड किती, तर २०१८ च्या डिसेंबरात शेफ विष्णू मनोहर यांनी सागर पार्कवर एकाच कढईत अडीच हजार किलो भरीत केलं होतं. एवढं भरीत म्हणजे चव बघायला नको, गर्दी बघायला जायचं असतं.

पायरी ५: वरण-बट्टीचं आमंत्रण मिळवा

काही हॉटेलांत रविवारी बट्टी असते, पण बट्टी ही पंगतीची गोष्ट. राजस्थानी दाल-बाटी म्हणून तिच्याकडं बघू नका. बाटी निखाऱ्यावर भाजतात आणि डाळ मसालेदार असते. आपली बट्टी म्हणजे गव्हाचं जाडसर दळण, ओवा, हळद, मीठ, मोहन घालून मळलेलं, त्याचे गोळे आधी वाफवतात किंवा उकडतात, मग कापून तळतात. वरण अगदी साधं, तुरीचं. तिखटपणा येतो तो वांग्याच्या घोटलेल्या भाजीतून. बट्टी हातानं कुस्करायची, वर वरण, वर तूप, आणि तुपाला "बस" म्हणायचं नाही, वाढणारा थांबेल तेव्हा थांबेल. दुपारी दोन वाजताची मीटिंग त्या दिवशी ठेवू नका. ठेवलीत तर उभ्यानं घ्या.

याच घराण्यातली अजून दोन-तीन नावं लक्षात ठेवा, घरी कुणी बोलावलं तर आपण होऊन मागा: फुनके-कढी, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके आणि पातळ कढी, डुबुकवडे, म्हणजे डाळ वाटून रस्स्यात डुबुक डुबुक सोडलेले वडे, आणि घोटलेल्या मिरच्यांची भाजी. शेवटचं नाव ऐकून घाबरू नका, तुरीच्या डाळीबरोबर शिजवून घोटलेली असते. थोडं घाबरलात तरी चालेल.

पायरी ६: मटण

काळं मटण, बाजरीची भाकरी, कांदा, लिंबू. हायवेच्या ढाब्यांवर मिळतं, शहरातही मिळतं. रविवारी दुपारी एकच्या आत जा, दोननंतर पातेल्याच्या तळाचं येतं. श्रावणात बरीच घरं आणि बरेच वस्ताद दोन्ही सुट्टीवर असतात, तेव्हा वाट बघा. रस्सा आधी वाटीतून पिऊन बघायचा आणि मगच भाकरी कुस्करायची. याहून जास्त मी सांगत नाही कारण आमच्या घरी माळ आहे, मी हे ऐकून-बघून सांगतोय, चुकलं तर मटणवाल्यांनी सांभाळून घ्या.

पायरी ७: उन्हाळा आणि आखाजीचे मांडे

एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो. दुपारी बाहेर जेवायला जायचं नाही, रात्री आठनंतर निघायचं. काव्यरत्नावली चौक, सागर पार्क भागात त्या वेळेला तरुण मंडळींची गर्दी असते, कुल्फी, ऊसाचा रस, भेळ, काय हवं ते.

पण उन्हाळ्यात खरी वाट बघायची ती आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. आमच्याकडं दिवाळीएवढा सण. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि बऱ्याच घरांत त्या दिवसापर्यंत आंब्याला हात लावत नाहीत. त्या दिवशी खापरावरचे मांडे. मातीचं मोठं खापर चुलीवर पालथं घालतात, आणि पुरण भरलेली पोळी हातावरच, मनगटापासून कोपरापर्यंत फिरवून फिरवून मोठी करतात आणि त्या खापरावर टाकतात. लाटणं नाही, पोळपाट नाही. मांडा पातळ रुमालासारखा, घडी घालून ताटात येतो. सोबत आंब्याचा रस, कुरडई, भजी, आणि पुरणाच्या पाण्याची झणझणीत रशी. रस आणि रशी यांत एका अक्षराचा फरक आहे, वाढणाऱ्यानं विचारलं तर स्पष्ट सांगा, एका नवीन जावयानं मांड्यावर चुकून रशी घेतली होती आणि लाजेनं तशीच संपवली.

हॉटेलात मांडे मिळाले तर नशीब. ऑर्डर घेणाऱ्या ताया आहेत, पण आखाजीच्या आठवड्यात त्यांच्याकडं रांग असते, आठ-दहा दिवस आधी सांगून ठेवा. आणि जमलं तर घ्यायला स्वतः जा, खापराशेजारी उभं राहून पहिला मांडा तिथंच खायची परवानगी मागा, बहुतेक मिळते.

पायरी ८: गावी जाताना काय न्यायचं

केळीचे वेफर्स सावदा-फैजपूर रस्त्यावर कढईतून निघाल्या निघाल्या घ्या, मीठ टाकायच्या आधी एक चाखा. बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, नागलीचे पापड मे महिन्यात बचत गटांकडं ताजे मिळतात. मेहरूणची बोरं हिवाळ्यात, ती गाडीतच संपतात म्हणून दोन पिशव्या. मिरचीचं वेड असेल तर नंदुरबार, तिथं हंगामात लाल मिरचीनं अख्खी मैदानं झाकलेली दिसतात. जरा लांब जायची तयारी असेल तर सीमेपलीकडं बऱ्हाणपूर, मावा जिलेबीसाठी. तो मध्य प्रदेश असला तरी खाण्यापिण्यात आम्ही त्याला आपलंच धरतो.

काळा मसाला बाजारातला घेऊ नका, ज्यांच्याकडं डबा लावलाय त्याच ताईंना पाव किलो करून द्यायला सांगा. पैसे आधी द्या, कांदा-खोबरं भाजायचा धूर त्यांच्याच डोळ्यात जाणारे.

आणि शेवभाजी पार्सल न्यायची असेल तर शेव वेगळ्या पिशवीत, रस्सा वेगळ्या, आणि रस्स्याच्या पिशवीला दोन गाठी. एका गाठीवर विश्वास ठेवून मी एकदा जळगाव-पुणे स्लीपरला बसलो होतो. पाचोऱ्यापर्यंत पण नाही टिकली, खालच्या बर्थवरचे काका उठून वास घेत म्हणाले, "कुणाकडं शेवभाजी आहे हो?" मी झोपेचं सोंग घेतलं.